बाहेरून पुसलेली काच

या सदरातले अमानवीय अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगू का... बऱ्याचदा हसते. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात एखादी म्हणाली, "बाई, आमच्या शेतात रात्री टेंभे फिरतात," की मी तिला फळ्यापाशी बोलावून फॉस्फरस समजावून सांगायची. अमावास्येला लिंबू-मिरची टांगणाऱ्या शेजाऱ्यांशी वाद घातलेत. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझ्यासाठी गंडादोरा घेऊन येऊ नये.

पण एक प्रसंग आहे. त्याचा मला आजवर उलगडा झालेला नाही. आणि गंमत म्हणजे तो भीतीचा नाही. आमच्या घरात तो सांगायला घेतला की अर्ध्यातच हशा पिकतो. वाचून कुणाच्या अंगावर काटा आला नाही तर माफ करा...

ही नागपुरात टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. आम्ही तेव्हा अमरावती रोडवर वाडीला राहायचो. ट्रान्सपोर्टची गोदामं, रात्रंदिवस ट्रकची ये-जा, आणि त्यातच यांची शेड. ट्रकची लाकडी बॉडी बांधायचं काम होतं यांचं. शेडच्या मागे आमच्या दोन खोल्या. घरात आम्ही चौघं — हे, मी, आमची लेक सुषमा (तेव्हा ती दुसरीत होती) आणि आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे यांची सख्खी आत्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा यांना त्यांनीच वाढवलं. काटोलकडच्या खेड्यात सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेलं. रामटेक आणि अदासा ही जवळची देवस्थानं सोडून काही पाहिलेलं नाही. पण भिंतीवरच्या कॅलेंडरात डोंगराचं चित्र आलं की महिना उलटला तरी पान फाडू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "राहू दे न वं सुमन, मी अजून पाहून राहिली."

यांनी कितीदा तरी म्हटलं, "आत्या, चाल, तुले पचमढी दाखवतो." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं — "परक्याच्या खाटेवर मले झोप येत नाही गा. अन् हॉटेलातलं मले गिळत नाही." वर त्यांना दमा. थंडीत छातीतून बाजाच्या पेटीसारखा आवाज यायचा.

एक दिवस हे जेवता जेवता म्हणाले, "आत्याले घर सोडवत नाही न? मंग घरच घेऊन जाऊ."

मला वाटलं थट्टा आहे. पण पुढच्याच आठवड्यात शेडमध्ये एक छोटी जुनी बस येऊन उभी राहिली. कुठल्याशा लिलावातली. इंजिन ठणठणीत, बाकी नुसता सांगाडा. मग उन्हाळाभर हे त्या सांगाड्याच्या मागे लागले. वर पत्र्याचं छत, आतून प्लायवूड, दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या, घडीचं टेबल, स्टोव्हसाठी ओटा, आत्याबाईंच्या जपमाळेसाठी खास पितळी खुंटी! पडदे मी शिवले. बाहेरून पिवळाजर्द रंग, आणि मागच्या बाजूला पेंटरने एक भलंमोठं संत्रं काढलं. वाडीतले ड्रायव्हर चहा पिता पिता ती बघायला यायचे. त्यांनीच तिचं नाव पाडलं — घरगाडी.

आता तुम्ही म्हणाल, यात अमानवीय काय? थांबा जरा. आधी बुरशीचं सांगावं लागेल.

पावसाळ्यात घरगाडी ताडपत्री टाकून बंद करून ठेवली होती. पोळा झाल्यावर, एका लख्ख सकाळी, यांनी मोठ्या थाटात दार उघडलं — आणि आतून असा कुबट भपकारा आला की आम्ही सगळे दोन पावलं मागे सरलो. गाद्यांवर हिरवी-काळी बुरशी. पडद्यांवर ठिपके. प्लायवूडच्या कोपऱ्यांत पांढरी लव. आत्याबाई पदर नाकाला लावून आत डोकावल्या आणि म्हणाल्या,

"मधू, गाडीले दाढी आली गा!"

यांचं म्हणणं, कुठून तरी पाणी शिरलं. मग मोहीम सुरू झाली. पुट्टी, डांबर, रबराच्या पट्ट्या... दिसेल ती फट बुजवली. छताला हवेसाठी एक छोटी खिडकी ठेवलेली, तीही पत्रा ठोकून कायमची बंद. "आता मुंगीलेही जागा नाही," असं शेडभर सांगत फिरले.

दिवाळीनंतर रामटेकला खिंडसी तलावाच्या काठी पहिली मुक्कामाची सफर केली. थंडी होती म्हणून काचा लावून झोपलो. सकाळी मला जाग आली ती आत्याबाईंच्या आवाजाने.

"सुमन, पाऊस येऊन राहिला वं. माह्या नाकावर टिपकलं."

मी पडदा बाजूला केला. बाहेर स्वच्छ ऊन, तलावावर बगळे. आणि आत छताला अक्षरशः घाम फुटलेला! पत्र्याच्या प्रत्येक खिळ्याखाली एकेक थेंब लटकत होता. काचांवरून ओघळ. आत्याबाईंची गोधडी भिंतीकडच्या बाजूने ओलीचिंब.

हे तडक टपावर चढले. वरून ओरडले, "इथी तर पापडासारखं कोरडं हाये!"

आता विज्ञान शिकवणारी बाई गप्प कशी बसेल? मी सांगितलं — अहो, हे पाणी बाहेरचं नाही, आपलंच आहे. चार माणसं आत श्वास सोडणार, चहा उकळणार, भात शिजणार. ती वाफ जाणार कुठे? थंड पत्रा सापडला की तिथेच पाणी होऊन बसते. तुम्ही फटी बुजवल्या तेवढे थेंब वाढले.

आत्याबाईंना लगेच पटलं. "भातावरच्या ताटलीच्या पोटाले पाणी धरते, तसंच न?"

"अगदी तसंच!"

"म्हणजे मधूनं आपला भात करून ठेवला," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की हसता हसता खोकल्याची उबळ आली. ती काही केल्या थांबेना. सफर तिथेच आटोपली.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि यांच्याकडे बघून म्हणाले, "ही ओल आणि बुरशी यांना चालायची नाही. पुन्हा असा त्रास झाला तर गाडीतला मुक्काम बंद." घरी आल्यावर आत्याबाई कॅलेंडरपुढे बराच वेळ उभ्या होत्या. ते पाहून हे रात्रभर कूस बदलत राहिले, हे मला माहीत आहे.

संक्रांतीला सुट्ट्या होत्या. ठरलं — एकदा शेवटचं करून पाहू. सावनेर, सौंसर, छिंदवाडा आणि पुढे तामिया. पचमढीच्या अलीकडचं डोंगरातलं गाव. तिथे दरीच्या काठावर डाक बंगला आहे, त्याच्या आवारात गाडी लावायची परवानगी यांनी मिळवली होती. गाद्या उन्हात वाळवून घेतल्या, नवे पडदे लावले, कडुनिंबाचा पाला पसरला. छताची खिडकी परत उघडा, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. हे म्हणाले, "थंडीत आत्याच्या डोक्यावर गार वारा सोडू का? त्याहून ऊब करू. ऊब असली की ओल राहतच नाही." आणि त्यांनी एक लोखंडी शेगडी आणि कोळशाचं पोतं गाडीत चढवलं.

सिलेवानीचा घाट लागला तेव्हा आत्याबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या. सुषमेपेक्षा जास्त त्याच ओरडत होत्या — "ते पाय! ते पाय!" म्हणजे ते पाहा, ते पाहा. वाटेत संत्री सोलून सालं माझ्या ओच्यात टाकत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खऱ्याखुऱ्या डोंगराला हात लावला. एका वळणावर गाडी थांबवायला लावून खडकाला तळवा टेकवला आणि म्हणाल्या, "गरम हाये वं, जनावरासारखा."

आणि तामियाला पोचतो न पोचतो तोच आभाळ भरून आलं. अवकाळी पाऊस! संध्याकाळ, रात्र, पुढची सकाळ... धुकं इतकं की दरी कुठे सुरू होते कळेना. काचा बंद, दार बंद. स्वयंपाकही आतच. दुपारी आत्याबाईंनी हट्टाने वडाभात केला. वडे तळले, भाताला फोडणी दिली. चव अजून जिभेवर आहे, पण गाडीची अवस्था विचारू नका. काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या, भिंतीवरून पाण्याच्या रेघा, आणि आत्याबाईंच्या छातीतली ती पेटी हळूच वाजायला लागली.

यांनी ती ऐकली. बंगल्याच्या पडवीत जाऊन शेगडी पेटवली, कोळसे लाल होऊन धूर संपेपर्यंत थांबले आणि ती आत आणून मधल्या जागेत विटांवर ठेवली. दार घट्ट लावून घेतलं.

"आता पाय कसं कोरडं होते ते!"

आणि खरंच की हो... काय सुरेख ऊब आली! आम्ही जेवलो. पोट भरलेलं, पाय गरम, बाहेर पावसाची रिपरिप हळूहळू कमी होत चाललेली. सुषमा जेवता जेवताच पेंगली. हे फळीवर आडवे झाले ते लगेच घोरायला लागले. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. मी समोरच्या फळीवर. डोकं जरा ठणकत होतं. मला वाटलं वडाभात जास्त झाला. एकदा मनात आलं की उठून काच थोडी सरकवावी... पण तो विचार डोक्यातच राहिला, पायांपर्यंत पोचलाच नाही. इतकं जड, इतकं गोड वाटत होतं. उठायचं काय अडलंय?

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. काचेवर. किण् किण्... किण् किण्...

डोळे उघडले. माझ्या समोरच्या बाजूची, आत्याबाईंची फळी संपते त्याच्या पलीकडची खिडकी. पांढरीफट्ट काच. तिच्यावर बाहेरून एक तळवा आला आणि त्याने काच पुसली. सावकाश नाही, झर्रकन. आपण शेजारणीच्या दारावरची धूळ पुसून आत डोकावतो ना, तसं. पुसलेल्या जागेत एक चेहरा दिसला. सावळा, गोल, हनुवटीवर गोंदण, डोक्यावरून लाल चौकड्याचा पदर, आणि तोंडभर हसू! मागून ऊन आलेलं, त्याने पदराची कड चमकत होती.

"काहून वं, कोंडून बसल्या? चाला न बाहेर! ऊन आलं न!"

इतका आनंदी आवाज मी क्वचितच ऐकला असेल. जणू बाहेर काहीतरी मोठी मजा चालू आहे आणि आम्हीच तेवढे राहिलोय.

आता माझ्या मनात काय आलं असेल? देव नाही, भूत नाही... मला लाज वाटली! भर दुपारी दारात पाहुणी आली, आणि आपण लोळतोय, खरकटी भांडी तशीच, केस विस्कटलेले. "अगंबाई!" म्हणून मी उठले. नुसत्या संकोचापायी उठले. आज विचार करते — कुणी मला घाबरवलं असतं तर मी उठले नसते.

तेवढ्यात पलीकडून आत्याबाईही चाचपडत उठत होत्या. पदर शोधत म्हणत होत्या, "आली वं बाई, आली..."

मी भिंतीला धरत दारापर्यंत गेले, कडी काढली. गार वारा थोबाडीत मारल्यासारखा लागला. पायरीवरून मी सरळ ओल्या गवतात बसले. डोकं फुटत होतं. आत्याबाई माझ्यामागे उतरल्या, गाडीला टेकून उभ्या राहिल्या.

बाहेर कुणी नव्हतं.

आणि तेव्हा, त्या वाऱ्यात, डोकं एकदम चालायला लागलं. बंद गाडी. जळता कोळसा. कार्बन मोनॉक्साईड, वास नसलेला विषारी वायू. हे मी शिकवलेलं होतं हो! मी "सुषमा!" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. मी श्वास रोखून आत शिरले, तिला उचललं — मान लुळी पडलेली — आणि जाता जाता यांना लाथ मारली. अगदी मनापासून. संसारात तेवढी एकच. हे दचकून उठले, पडले, रांगत रांगत दाराबाहेर आले.

सुषमेला गवतात ठेवून मी तिचे तळवे चोळत होते, हे तिला हाका मारत होते. ते क्षण किती लांब होते ते मला सांगता येणार नाही. आणि मग तिने डोळे उघडले, एक आचका दिला, आणि सगळा वडाभात बापाच्या नव्या शर्टावर!

मग ती रडायला लागली. आणि आम्ही तिघं... आम्ही हसायला लागलो. रडत रडत हसत होतो. लेकराची उलटी पाहून एवढा आनंद झालेले आईबाप तामियाने आधी पाहिले नसतील. आत्याबाई म्हणाल्या, "माह्या वड्याची चव काही गेली नाही, पाय कशी ठणठणीत रडून राहिली!" हे शर्टासकट तिला छातीशी धरून बसले होते, सोडायला तयार नव्हते.

आणि समोर काय ऊन पडलं होतं! धुक्याचा पडदा निघालेला. दरी अशी खाली खाली जात होती, तिच्या तळाशी ढग अडकलेले, आणि पलीकडे एकामागे एक डोंगर — निळे, मग फिके निळे, मग जवळजवळ नसलेलेच. आत्याबाईंचं कॅलेंडर समोर उघडं पडलं होतं. त्या तशाच गवतात बसून बघत राहिल्या. छातीतली पेटी बंद झाली होती. बंगल्याचा चौकीदार धावत आला, त्याने आम्हाला चहा करून दिला. सुषमेने थोड्या वेळाने स्वतःहून संत्रं मागितलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

चहाचा कप हातात घेऊन आत्याबाई इकडेतिकडे पाहायला लागल्या.

"ती बाई कुठी गेली? तिले चहा द्या न."

मी त्यांच्याकडे पाहिलं. तोवर मी कुणालाच काही बोलले नव्हते.

"कोणती बाई, आत्याबाई?"

"ते न, हाका मारून राहिली होती... चाला न बाहेर, ऊन आलं न, म्हणून. मी भिंतीकडं तोंड करून निजली होती, मले दिसली नाही. बांगड्या वाजल्या तिच्या."

मी कप खाली ठेवला आणि मला दिसलेलं सगळं सांगितलं.

यांनी चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, "इधर तो कोई नहीं आया, साब. मैं तो यहीं बैठा था. मेरी घरवाली सुबह से बाज़ार गई है." पडवीतून आमची गाडी त्याच्या पुरती समोर होती.

मग हे उठून त्या खिडकीखाली गेले. गाडी उतारावर लावलेली, ती बाजू दरीकडची, खोलगट. हे चांगले उंच. हात वर करून पाहिला तर यांची बोटं जेमतेम खिडकीच्या खालच्या कडेला लागली. मी पाहिलेल्या बाईचे खांदेसुद्धा दिसत होते मला. ती कशावर उभी होती? तिथे ना दगड होता, ना झाड.

"गुंगीत दिसलं असंन तुले," हे म्हणाले. मलाही तेच पटत होतं. त्या वायूने भास होतात. आत्याबाईंनाही भास झाला असेल. दोघींना एकच शब्द ऐकू आले, हा योगायोग... बरं, मानू.

गाडी हवेशीर होईतो आम्ही थांबलो आणि मग सामान काढायला आत गेलो. मी पुढे होते. आणि मी त्या खिडकीपाशी थबकले.

बाकी सगळ्या काचा अजून पांढऱ्या होत्या. त्या एका काचेवर मात्र तळव्याने पुसल्यासारखा स्वच्छ पट्टा होता. मी बोट लावलं. वाफ आतून धरलेली होती. ती आतूनच धरणार, दुसरीकडून धरूच शकत नाही. बाहेरून कुणी जन्मभर ती काच पुसत बसलं असतं तरी आतली वाफ हलली नसती.

म्हणजे पुसलं ते आतल्या बाजूने. पण मी हात बाहेर पाहिला होता.

"तूच पुसलं असशीन न, उठताना," हे म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. कारण त्या खिडकीपुढे संत्र्यांची पेटी होती, तिच्यावर ओल्या गोधड्यांची चळत, आणि समोर दोरीवर आत्याबाईंचं लुगडं वाळत टाकलेलं. त्यातलं काही हललं नव्हतं. लुगड्याच्या वरून मला काच दिसत होती, पण हात पोचायला सगळं उपसावं लागलं असतं. यांनी स्वतः वाकून, पेटी ओढून, गोधड्या काढून बघितलं. मग हळूच म्हणाले, "चहा आहे का अजून?"

नागपूरला परत आल्यावर डॉक्टरांनी आधी आम्हाला खडसावलं, मग सुषमेला लिमलेटची गोळी दिली. काचेबद्दल मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, वायूने भास होतात हे खरं. काच पुसली जाते असं मात्र त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं.

पण त्या दिवसापासून घरगाडीचं नशीब पालटलं. छताची खिडकी यांनी स्वतःच्या हाताने उघडली. नुसती उघडली नाही, तर पावसातही उघडी राहावी म्हणून वर पत्र्याची टोपी बसवली. मागच्या बाजूला खाली एक जाळी, म्हणजे गार हवा खालून आत आणि वाफ वरून बाहेर. गाद्यांखाली सलग फळीऐवजी फटी सोडून पट्ट्या मारल्या. भिंत आणि गादी यांच्यामध्ये चार बोटं जागा. कोपऱ्यात कळीच्या चुन्याचं घमेलं, तो ओल शोषून घ्यायचा. आणि स्वयंपाक बाहेर, ताडपत्रीखाली! शेगडी शेडमध्ये गेली, ती परत कधी चढली नाही. थंडीत गोधडी जास्त घेतली, पण काच बोटभर उघडी ठेवली. गाडीला पुन्हा कधी दाढी आली नाही. आत्याबाईंना त्या गाडीत कधी दम लागला नाही.

आणि आम्ही किती फिरलो! भेडाघाट, ओंकारेश्वर, चिखलदरा... नर्मदेत पाय सोडून आत्याबाई तासन् तास बसायच्या. वाडीचे ड्रायव्हर त्यांना "फिरस्ती माय" म्हणायला लागले.

पुढच्या संक्रांतीला त्यांनी फर्मान काढलं — "तामियाले चाला." त्याच जागी गाडी लावली. या वेळी आभाळ निरभ्र. ताडपत्रीखाली आत्याबाईंनी मोठ्या पातेल्यात वडाभात केला. चौकीदार, त्याची बायको, तिच्या शेजारणी, सगळ्यांना बोलावलं. मी बायकांना तिळगूळ वाटत होते आणि प्रत्येकीच्या हनुवटीकडे बघत होते. गोंदण होतं बऱ्याच जणींना. चेहरा मात्र तो नव्हता.

जेवायला बसायच्या आधी आत्याबाई दरीच्या काठाशी गेल्या आणि पदर खोचून मोठ्याने ओरडल्या, "ये वं बाई, जेवाले! वडाभात केला!" सगळ्या बायका हसल्या. दरीतून "केला... केला..." असा आवाज परत आला, तेव्हा आणखी हसल्या. आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, एक ताट जास्तीचं वाढून ठेवलं.

ते ताट झाकून तसंच होतं, बराच वेळ. सगळ्यांची जेवणं झाली, गप्पा झाल्या, सुषमा पोरींबरोबर पतंगामागे पळाली. उन्हं कलायला लागली तेव्हा हे उठले, ताटावरचं झाकण काढलं, आत पाहिलं, दरीकडे पाहिलं, आणि तिथेच मांडी घालून जेवायला बसले.

"अहो!" मी म्हटलं.

"अन्न वाया घालवू नाही," हे घास घेत म्हणाले. "अन् ती आली तर सांगजो... आत्या अजून करते म्हणा."

आत्याबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

आज त्याही नाहीत, हेही नाहीत. सुषमेला नातवंडं आहेत. ती काच मी त्यानंतर मनात शेकडो वेळा पुसून पाहिली — आतून, बाहेरून, गुंगीत, जागेपणी. कुठल्याच बाजूने हिशेब लागत नाही. तुमच्यापैकी कुणाला लागला तर जरूर कळवा. नाही लागला तरी माझी तक्रार नाही.